चालून दाखव

रावपुऱ्यात रिक्षा अडकली होती आणि रिक्षावाल्याने हँडलजवळ खोचलेल्या मोबाईलमधून निरुपमाला आपलाच आवाज ऐकू आला. "हवे तो हुं दादर सडसडाट चढी जाउं छुं," जिना आता सरसर चढून जाते असं आवाज गुजरातीत म्हणाला आणि हसला. आधी तिला वाटलं, आपल्यासारख्या आवाजाची कुणी दुसरी बाई असेल. मग ती पुढे वाकली. वाकताना उजव्या जांघेत नेहमीची कळ आली. मोबाईलच्या काचेवर कमाटीबागेतल्या झाडांखालून ती स्वतः चालत येत होती. जांभळी साडी, हात मोकळे, उजवं पाऊल डाव्याइतकंच सहज पडणारं. खाली सिद्धार्थच्या, तिच्या मैत्रिणीच्या मुलाच्या, दवाखान्याचं नाव होतं आणि फोन नंबर. रिक्षावाल्याने एकदा मोबाईलकडे पाहिलं, एकदा आरशात. "बेन, आ तो तमे ज छो ने?" दांडिया बाजारात औषधाच्या दुकानासमोर रिक्षा थांबली तेव्हा तिने नेहमीचा खटाटोप सुरू केला. आधी सीटच्या कडेपर्यंत सरकायचं, वरची दांडी धरायची, डावा पाय टेकवायचा, मग उजवा पाय दोन्ही हातांनी मांडीखाली धरून, परक्याचं सामान उतरवावं तसा उतरवायचा. रिक्षावाला हे सगळं बघत होता. खाली उतरून त्याने तिला हात दिला. आणि एवढं डोळ्यांनी बघूनही आपल्या आईबद्दल म्हणाला, "मारी बाने पण आ ज तकलीफ छे. एमने वीडियो बतावी दउं?" तिला 'नको' म्हणायचं होतं. तिची मान कशीतरी हलली, त्याला ती होकारार्थी वाटली असावी, कारण तो खूश होऊन निघून गेला. रस्त्याच्या कडेला काठी रोवून निरुपमा उभी राहिली. आधी तिला वाटलं, खुबाच ठणकतोय. पण ते खुब्यातलं नव्हतं. ते वर, छातीच्या खाली होतं, ऊन ऊन होतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. कितीतरी महिन्यांनी काहीतरी गरम पोटात गेल्यासारखं.

एकेकाळी निरुपमा शिर्के म्हटलं की मुलींच्या शाळेचं मैदान गप्प व्हायचं. खेळाच्या बाई. गळ्यात शिट्टी, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि चाल अशी की मागून येणाऱ्या मुलींना पळावं लागे. घराणं गायकवाडी फौजेतलं; सासरे पिलाजीराव तिची चाल बघून म्हणायचे, "सूनबाई परेड करत स्वयंपाकघरात जातात." रूप बेताचं होतं, गाता येत नव्हतं, बोलणं फटकळ. गर्व करावा असं एक शरीरच होतं, आणि ते तिने मनापासून वापरलं. म्हणून पहिल्यांदा जिना चढताना जांघेत काहीतरी अडकल्यासारखं झालं तेव्हा तिला दुखण्यापेक्षा राग आला, घरातल्या माणसाने चारचौघांत उलट बोलावं तसा. मग जमिनीवर बसणं गेलं. मोजे घालणं गेलं. पायाच्या नखांपर्यंत हात पोचेना, तेव्हा नवऱ्याने, प्रतापसिंहांनी, एक दिवस वर्तमानपत्र पसरलं, चष्मा लावला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन नखं काढायला बसले. वीज मंडळात जन्म काढलेला शांत माणूस. एकेक नख फ्यूज बसवावा इतक्या काळजीने कापत होता. ती छताकडे बघत राहिली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं होतं, उजव्या खुब्यातली गादी झिजली आहे, आज ना उद्या सांधा बदलावा लागेल. बदलायचा म्हणजे आपलं हाड करवतीने कापून धातूचं बसवायचं. ती रात्रभर जागी होती आणि सकाळी तिला मोहनाच्या सिद्धार्थची आठवण झाली.

मोहना तिची मैत्रीण, खो-खोच्या संघातली जोडीदार. मोहनाच्या शेवटच्या आजारात सिद्धार्थ परगावी शिकत होता, आणि तिच्या उशाशी निरुपमा बसली होती. त्या पोराला तिनेच पोहायला शिकवलं, सायकल शिकवली. लहानपणी तो तिला "निरूमावशी, तू" म्हणायचा. दवाखाना काढल्यावर, पेशंटसमोर, "मावशी, तुम्ही" म्हणू लागला. तिला त्याचंही कौतुक वाटलं होतं. त्याने कागदावर खुब्याचं चित्र काढलं. "कापाकापी कशाला? तुमच्याच कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करायच्या, आणि सुईने सांध्यात सोडायच्या. तुमच्याच पेशी, मावशी. त्या गादी परत तयार करतात." 'तुमच्याच' हा शब्द तिला फार आवडला. पालथं झोपवून त्याने सुई आत घातली तेव्हा आधी नुसता दाब होता. मग त्याने दट्ट्या मागे ओढला, आणि हाडाच्या आतून, जिथे काही दुखू शकतं हेच तिला ठाऊक नव्हतं अशा जागेतून, काहीतरी तुटत ओढलं गेलं. ती ओरडली नाही. "झालं, मावशी, झालं," असं म्हणत त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात थेट मोहनाचा वाटला. मग मशीनवर बघत बघत खुब्यात इंजेक्शन. आणि खरंच बरं वाटलं! हा खोटेपणा नव्हता. पाय हलका झाला, जिना सोपा झाला. त्या आनंदात तो तिला कमाटीबागेत घेऊन गेला, मोबाईल धरून उलटा उलटा चालत म्हणाला, "मावशी, जरा चालून दाखव." बऱ्याच वर्षांनी 'दाखव' म्हणाला होता. ती चालली. त्याने गुजरातीत बोलायला सांगितलं, ती गुजरातीत बोलली. जिना ती त्या दिवसांत चढत होती. सडसडाट मात्र जिभेवर आपोआप आला.

पावसाळा संपता संपता कळ परत आली, आणि येताना चार पाहुणे घेऊन आली. आता ती कुशीवर वळतानाही यायची. सिद्धार्थ आधी म्हणाला, पेशींना वेळ द्यावा लागतो. मग म्हणाला, अजून एक डोस घेऊ. तोही घेतला. मग म्हणाला, वयाचा भाग असतो, मावशी. आणि शेवटी, फाईल मिटता मिटता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "सांगितलेला व्यायाम तुम्ही नीट केला नसेल." हे वाक्य घेऊन ती घरी आली. ताटावर बसली तरी ते वाक्य शेजारी होतं. कित्येक मुलींची ढोपरं, घोटे, खांदे तिने व्यायामाने उभे केले होते. नीट केला नसेल! दुसऱ्या डॉक्टरांनी नवा फोटो बघून सांगितलं की खुब्याचा गोळा चपटा होत चाललाय, या इंजेक्शनांनी गादी उगवते याला अजून भरवशाचा पुरावा नाही, सांधा बदला आणि उशीर करू नका. प्रतापसिंहांनी लगेच होकार दिला. ती म्हणाली, बघू. का म्हणाली ते तिचं तिलाही त्या दिवशी कळलं नव्हतं. ते आज, औषधाच्या दुकानासमोर काठीवर उभं असताना, हळूहळू कळायला लागलं होतं.

घरी प्रतापसिंह हिंचक्यावर बसून लसूण सोलत होते. त्यांच्यासमोरच तिने फोन लावला. "सिद्धार्थ, तो व्हिडिओ काढून टाक."

"कुठला, मावशी?"

"मी चालतेय तो. मी आता तशी चालत नाही."

मग त्याचा तोच समजूतदार आवाज. "पण तेव्हा तर तुम्ही चालत होतात ना? तेव्हा तुम्ही खोटं बोलला होतात का?"

"नाही."

"मग त्यात खोटं काय आहे? लोकांना त्याने धीर येतो, मावशी. आशा हेसुद्धा औषधच असतं."

तिने फोन ठेवला. त्याचं म्हणणं तिने सर्व बाजूंनी उलटून पाहिलं, आणि त्याला कुठेही चीर नव्हती. ती खोटं बोलली नव्हती, तोही बोलत नव्हता. त्याचा त्या सुईवर मनापासून विश्वास होता हेच तिला सहन होत नव्हतं. ठग असता तर थुंकून मोकळी झाली असती. या विश्वासाचं काय करायचं? दुपारभर ती पलंगावर पडून त्याला शिक्षा देत राहिली. त्याला तिने कोर्टात उभं केलं, भर लग्नात त्याच्या थोबाडीत मारली, त्याच्या खुब्यात सुई घालून दट्ट्या ओढला आणि म्हटलं, झालं, बाळ, झालं. मध्येच मोहना यायची. दुखण्याने चिपाड झालेली, पण डोळे तेच. "माझ्या लेकाकडे लक्ष ठेव," असं ती त्या वेळी म्हणाली होती. निरुपमाने मनात तिला उत्तर दिलं, ठेवते. आता बरोब्बर लक्ष ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सिद्धार्थच्या दवाखान्यात जाऊन बसली. वेळ घेतलेली नव्हती. काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "डॉक्टर माझे भाचे लागतात, मला घाई नाही, बसते." दहा-बारा माणसं होती. पाय पसरून बसलेली, गुडघ्यावर हात ठेवून बसलेली, फोटोंची मोठी पाकिटं मांडीवर धरलेली. भिंतीवरच्या टीव्हीवर तिचा तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत होता. थोड्या वेळाने एका बाईने शेजारणीला कोपराने ढोसलं. माना वळल्या. कुणीतरी विचारलंच, व्हिडिओतल्या बेन त्या तुम्हीच ना? ती गोड हसली, "हा, हुं ज." सगळ्यांचे चेहरे उजळले. तेव्हा ती उठली. खुर्चीचे हात धरून, दोनदा प्रयत्न करून. काठी भिंतीला टेकवून ठेवली, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पाण्याच्या मशीनपर्यंत चालत गेली. उजव्या पायावर भार आला की सगळं अंग त्या बाजूला कलायचं, ओठ आवळले जायचे, मग पुढचं पाऊल. तिने एक पेला पाणी प्यायलं. तशीच परत आली, बसली, पदराने ओठ टिपले. टीव्हीवर ती झाडांखालून मोकळी चालत होती. काउंटरवरच्या मुलीने मान वर करून पाहिलं. जरा वेळाने एक माणूस पाकीट काखेत मारून, घड्याळात बघितल्यासारखं करून, निघून गेला.

मग ती रोज जाऊ लागली. पाणी प्यायला. तिला त्या चालण्याची चटक लागली. निघण्याआधी ती वेदनेची गोळी घेईनाशी झाली, कारण गोळीने चाल सुधारते. प्रत्येक पावलाला कळ वर चढायची, आणि त्या कळेच्या टोकाला एक बारीक, गोडसर चव असायची. हे घे, सिद्धार्थ, हे एक, हे आणखी एक. टीव्हीवरून तिचा व्हिडिओ गेला, पण मोबाईलवर तो होताच, आणि लोक तिला ओळखतच होते. सिद्धार्थ केबिनच्या दारातून तिला बघायचा आणि पुढचं नाव पुकारायचा. मोहनाच्या मैत्रिणीला बाहेर काढायची त्याची छाती नव्हती. आणि तिला तरी काय म्हणणार? पाणी पिऊ नका म्हणणार?

एका संध्याकाळी प्रतापसिंहांनी हिंचका पायाने थांबवला. "डॉक्टरांचा फोन होता. तू ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे ढकललीस म्हणे."

"हो."

"का, निरू?"

"घाई काय आहे?"

"तू ओरडतेस झोपेत. मी ऐकतो. घाबरतेस?"

तिला 'हो' म्हणता आलं असतं. त्यांनी जन्मभर तिला एवढं समजून घेतलं होतं की खोटं बोलणं सोपं होतं. पण ती म्हणाली, "ऑपरेशन झालं की मी नीट चालेन."

"मग?"

"मग तिथे काय दाखवू?"

त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते आत निघून गेले, आणि आतून भांड्यांचा आवाज येत राहिला, धुतलेलीच भांडी पुन्हा धुतल्यासारखा. तिला वाटलं, उठून जावं, म्हणावं, उद्याची तारीख घ्या. पण उठायचं म्हणजे खुबा, आणि खुबा म्हणजे सिद्धार्थ. ती अंधार पडेपर्यंत तशीच बसली.

त्या आठवड्यात बाजव्याहून हंसाबेन आल्या. रिफायनरीच्या बाजूला राहणाऱ्या, जाड भिंगांच्या, घामाघूम झालेल्या. निरुपमा पाण्यापर्यंत गेली, आली. हंसाबेनने सगळं बघितलं आणि आपल्या पिशवीतला रुमाल काढून तिलाच दिला. "बहु दुखे छे ने?" असं विचारलं. निरुपमाने मान हलवली. आता ही उठून जाईल, तिला वाटलं. पण त्या उठल्या नाहीत. नाव पुकारल्यावर गुडघ्यावर हात देऊन उभ्या राहिल्या आणि निरुपमाच्या खांद्याला स्पर्श करून म्हणाल्या, "बधाने क्यां एकसरखुं लागु पडे? तमने न पड्युं, मने पडशे." सगळ्यांना थोडंच सारखं लागू पडतं! त्या आशेपुढे निरुपमाचा लंगडा पाय काहीच नव्हता. एवढे दिवस ती ज्याला हत्यार समजत होती ते पाणी पिणं होतं, निव्वळ पाणी पिणं. आणि ही बाई त्या पलंगावर पालथी झोपेल, आणि तो म्हणेल, झालं.

"जशो नहीं," ती हंसाबेनना अडवत ओरडली. मैदानावरचा आवाज, शिट्टीशिवायचा. पुढचं सगळं ती उभी राहून बोलली. सुई कुठे गेली, काय ओढलं गेलं, किती दिवस बरं वाटलं, मग काय झालं, दुसऱ्या डॉक्टरांनी काय सांगितलं, आणि व्यायाम नीट केला नसेल असं तिला कोण म्हणालं. सिद्धार्थ केबिनमधून बाहेर आला. चेहरा पांढरा पडलेला. पण आवाज खाली ठेवून, मराठीत म्हणाला, "मावशी, आत या. घरातली गोष्ट आहे." खोलीत मराठी समजणारं बहुधा कुणी नव्हतं. तिने त्याला गुजरातीत उत्तर दिलं, सावकाश, शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल असं. घरातली गोष्ट होती तर बागेत नेऊन सगळ्या जगाला कशाला दाखवलीस? आता हे पण दाखव. मोबाईल काढ. "काढ मोबाईल," ती मराठीत म्हणाली, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चालली. परत आली. पुन्हा चालली. कुणीतरी खरंच मोबाईल वर धरला होता.

"बस कर, मावशी," सिद्धार्थ म्हणाला. सगळ्यांदेखत 'तू' म्हणाला. "मी तुझं वाईट करायला नव्हतो बसलो. आई असती तर तिलाही मी हेच इंजेक्शन दिलं असतं."

"म्हणूनच ती सुटली," निरुपमा म्हणाली.

हे वाक्य तिने ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून गेल्यावर तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तो चेहरा तिला इतका पोटभर मिळाला की पुढे कितीतरी दिवस ती त्याच्यावर जगली. हंसाबेन तिच्या शेजारून, तिच्याकडे न बघता, हळूहळू जिना उतरून गेल्या.

कुणाच्या तरी मोबाईलमधला तो नवा व्हिडिओ जुन्यापेक्षा लांब पोचला. तक्रारी झाल्या, विचारणा झाली. सिद्धार्थने इंजेक्शनं बंद केली, मग दवाखानाच बंद केला, आणि वाघोडिया रोडवर कुणाच्यातरी हॉस्पिटलात नोकरी धरली असं कानावर आलं. निरुपमाने त्यानंतर ऑपरेशन करून घेतलं, कुणालाही न सांगता. प्रतापसिंहांनाही तशी ताकीद दिली. धातूचा सांधा तिच्यात बसला आणि तिला चालता येऊ लागलं. सुरुवातीला वॉकर, मग काठी, मग काहीच नाही. आपली नखं ती आपण कापू लागली. पण सकाळी जाग आली की आधी ती उजव्या जांघेत कळ शोधायची, आणि तिथे कुणीच नसायचं. चहा पिताना, कपडे वाळत घालताना ती रिकामी रिकामी असायची. प्रतापसिंह म्हणायचे, "आता तरी हस," आणि ती हसायची.

हिवाळ्यातल्या एका सकाळी दोघं दांडिया बाजारात शाकभाजी घ्यायला गेली होती. मेथीच्या जुड्या प्रतापसिंहांच्या पिशवीतून डोकावत होत्या, ऊन कोवळं होतं, आणि ती त्यांच्या चार पावलं पुढे होती, जुन्या सवयीप्रमाणे. देवळाच्या कोपऱ्यावरून सिद्धार्थ आला. वाळला होता. दाढी वाढलेली, हातात औषधाची पिशवी, शर्ट मोहनाच्या नवऱ्याचा असावा असा ढगळ. त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं. तिला वळता आलं असतं, समोरच दुकान होतं. त्याने मान वर केली. आणि तिचं अंग एका बाजूला कललं. तिने काही केलं नाही. ते आपोआप झालं. ओठ आवळले गेले, खांदा उतरला, पाऊल ओढलं गेलं.

तो जागीच थांबला. मग जवळ आला. "मावशी," तो म्हणाला, "अजून करून घेतलं नाहीस?"

"नाही," ती म्हणाली.

मागे प्रतापसिंह पिशवी घेऊन थांबले होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडल्याचं तिला न बघताही कळलं, आणि ते मिटल्याचंही.

"ये," सिद्धार्थ म्हणाला, आणि त्याने आपला हात पुढे केला. तिने तो धरला. नुसता धरला नाही, सगळा भार त्याच्यावर टाकला, शिर्क्यांच्या सुनेचा, खेळाच्या बाईंचा सगळा भार, आणि भर बाजारातून त्याच्या हातावर लंगडत निघाली. दुकानातून लोक बघत होते. कुणी नमस्कार केला. त्याच्या हाताच्या शिरा ताठ झाल्या होत्या, त्याला धाप लागत होती, आणि त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या पोटात ते जुनं गरम गरम काहीतरी उतरत होतं. चौकाजवळ त्याची मान खाली झुकली. तो तिच्या पावलांकडे बघत होता, डॉक्टर बघतात तसा. त्याचा हात एकदम सैल पडला. मग त्याने तिला पुन्हा घट्ट धरलं आणि पुढे चालत राहिला. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती डाव्या पायाने लंगडत होती.

आता पाय बदलणं शक्य नव्हतं.